हात नॉबवर असताना

शिरूरच्या आठवडे बाजारात भाजीवाल्या बायकांनी सोनवणे सरांना एक नाव ठेवलं होतं. सर लांबून दिसले की त्या एकमेकींना म्हणायच्या, “परत-सांगा आले.” कारण सर पाव किलो गवार मागायचे आणि लगेच विचारायचे, “काय मागितलं मी? परत सांगा.” बाईनं “पाव किलो गवार” म्हटलं की मगच पिशवी पुढं करायचे. एसटीच्या कंडक्टरला उतरायचं गाव सांगून ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की कुठली सकाळी, कुठली जेवल्यावर, हे त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणून दाखवायचे. लोक हसायचे. सर हसत नसत. घरातला गॅस चालू राहिलाय आणि आपण पाच मैल लांब आलोय, हे आत्ताच ध्यानात आल्यासारखा त्यांचा चेहरा कायम असायचा.

मी त्यांच्याकडे गेले ती नाइलाजानं. आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. पप्पा मालगाडीचे लोको पायलट. मला विमान चालवायचं होतं. त्यासाठीच्या लेखी परीक्षेत एका पेपरला मी दोनदा नापास झाले होते, आणि दोन्ही वेळा एकाच विषयानं दगा दिला होता: उंची मोजायची कशी आणि उंचीमापकावरचा आकडा कधी बदलायचा. कुणीतरी सांगितलं की शिरूरला विमानतळावरून निवृत्त झालेले एक कंट्रोलर आहेत, टॉवरमध्ये बसून विमानांना सूचना देणारे, आणि घरी मुलांना शिकवतात. मग दर रविवारी दौंडहून चौफुला आणि तिथून न्हावरेमार्गे शिरूर, अशा माझ्या दोन एसटी ठरून गेल्या.

सरांचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, शोकेसमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती, आणि तिच्या शेजारी भंगारात निघालेल्या विमानाचा जुना उंचीमापक. घड्याळासारखी तबकडी, त्यात काटे, एका बाजूला बारीक खिडकीत हवेच्या दाबाचा आकडा, आणि तो आकडा फिरवायला खाली एक नॉब.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, वर चढताना आकडा कधी बदलायचा? मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “पाठ हाय. समजलं न्हाई.” मग तो उंचीमापक टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला. काम असं होतं: दौंड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाची उंची लिहिलेली असते, उद्या सकाळी दहा वाजता काटा त्या उंचीवर आणायचा. मग आठ दिवस नॉबला हात लावायचा नाही. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला काटा काय म्हणतो ते वहीत लिहायचं.

मी ते यंत्र फ्रिजवर ठेवलं. दुपारी चारला बघते तर आमचं घर शंभर फूट वर गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आलं, दुपारी पुन्हा वर. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं, तेव्हा घर वर गेलं ते खाली यायलाच तयार होईना. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, “आज कुठंय घर?” 

पुढच्या रविवारी सरांनी वही बारकाईनं वाचली.

“घर हललं का?”

“नाही.”

“मग कोण हललं? हवा हलली. काटा जमिनीचं ऐकत न्हाई पोरी, हवेचं ऐकतो. हवा हलकी झाली की त्याला वाटतं आपण वर गेलो. तू त्याला रोज सांगायला पाहिजे, बाबा, आज इथली हवा इतकी हाय. ते सांगायचं म्हंजी हा आकडा लावायचा.”

मग त्यांनी पुढचं समजावलं, तेही माझ्या रेल्वेच्या घराला धरून. प्रत्येक गावानं आपापलं घड्याळ वेगळं लावलं तर गाड्या एकमेकींवर आदळतील, म्हणून सगळ्या रेल्वेची वेळ एक. तसंच वर आभाळात. पुण्याहून निघालेलं विमान पुण्याचा दाब लावून, नागपूरहून निघालेलं नागपूरचा लावून उडत राहिलं, तर दोघांचे काटे वेगवेगळं सांगतील आणि दोघं एकाच उंचीवर येतील. म्हणून ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळ्यांनी गावचा आकडा सोडून एकच आकडा लावायचा, एक हजार तेरा. पण वर डोंगर नसतात, खाली असतात. त्यामुळे उतरताना ठरावीक पातळी आली की एक हजार तेरा सोडायचा आणि जिथं उतरायचं तिथल्या जमिनीचा, त्या घडीचा आकडा लावायचा. चढताना एकदा, उतरताना एकदा. प्रत्येक विमानतळाच्या नकाशावर त्या दोन्ही जागा लिहिलेल्या असतात.

“चढताना विसरलीस तर दुसऱ्याच्या वाटेत जाशील,” ते म्हणाले. “उतरताना विसरलीस, आन् खालची हवा हलकी असली, तर काटा म्हणंल अजून लई उंच हाय, आन् खाली झाडं आलेली असतील.”

हे सांगताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर फक्त शेजाऱ्यांचं पत्र्याचं छप्पर होतं.

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. नॉबला हात लावायचा तो आकडा मोठ्यानं म्हणत, आकडा नीट बसला हे डोळ्यांनी बघून मगच हात काढायचा, आणि तोवर खोलीत कुणी अवाक्षर काढायचं नाही. एकदा पुण्याहून मोटरसायकलवर येणाऱ्या एका मुलानं माझा हात नॉबवर असताना सहज विचारलं, चौफुल्याला गर्दी होती का? सर इतके चिडले की त्यांना बोलता येईना. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, आतून पाणी आणलं. त्या दिवशी शिकवणी तिथंच थांबली. इतक्या साध्या गोष्टीवर एवढं काय, असं आम्ही परतताना बोललो.

पप्पांना सरांबद्दल उत्सुकता होती. एका रविवारी सुट्टी होती म्हणून ते मला गाडीवर घेऊन आले. दोघांचं लगेच जमलं. इंजिनात सिग्नल दिसला की लोको पायलट आणि साहाय्यक दोघंही त्याचा रंग मोठ्यानं बोलतात, हे ऐकून सर खूश झाले. त्यांनी पप्पांकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मग अचानक विचारलं, “समजा सिग्नल पिवळा हाय, तुम्ही बोलणार, आन् तेवढ्यात साहाय्यकानं घरचं काहीतरी काढलं. तर?”

पप्पा म्हणाले, “होतं की तसं. मी नुसता हात वर करतो. तो गप्प बसतो.”

“आन् नाही केलात हात वर?”

“मग चूक माझी.”

“त्याची न्हाई?”

सर हातातली कपबशी खाली ठेवून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “त्यांच्या मनात एक जुनं हाय. विचारू नगा.”

आम्ही विचारलं नाही. मी परीक्षा पास झाले, पुढं लायसन्स मिळालं, आणि खूप वाट बघितल्यावर एका विमान कंपनीत को-पायलट म्हणून लागले. सरांनी पेढे घेतले नाहीत, डबा काकूंकडं दिला. त्या दिवसापासून त्यांची काळजी सुरू झाली ती थांबलीच नाही. मी आज कुठं उतरणार आहे हे त्यांना माहीत असलं पाहिजे असा त्यांचा नियम. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवा हलकी झाली की मी विमानात बसण्याआधी मोबाईलवर एक संदेश आलेला असायचा. त्यात शुभेच्छा नसत. नुसता त्या विमानतळाचा सकाळचा दाब असायचा: नऊशे नव्व्याण्णव. एक हजार दोन. कार्यालयातून तो आकडा मला मिळणारच होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. उतरल्यावर मी “पोचले” एवढं कळवायचे. कधी राहून गेलं तर काकूंचा फोन यायचा, की सर जेवायला बसत नाहीत.

नोकरीला आठेक महिने झाले असताना ती गोष्ट घडली. आम्ही किनाऱ्यावरच्या एका शहरात उतरत होतो. खाली ढग, पाऊस, दाब हजाराच्या आत. शेजारी वीस-बावीस वर्षं उडवलेले कॅप्टन. आकडा बदलायची पातळी आली आणि नेमकं त्याच क्षणी कंट्रोलरनं धावपट्टी बदलल्याचं सांगितलं. कॅप्टनचा नॉबकडे निघालेला हात वाटेतच फिरला आणि नकाशाकडे गेला. ते नव्या धावपट्टीचं बोलू लागले. माझाही हात थांबला. आकडा अजून एक हजार तेराच होता आणि आम्ही उतरत होतो. त्यांना आठवेल, असं मला वाटलं. मग वाटलं, आत्ता बोलले तर त्यांना आवडणार नाही. शेवटी मी म्हणाले, “कॅप्टन, दाब लावायचा राहिलाय.” त्यांनी एकदा तबकडीकडे बघितलं, आकडा लावला, मीही माझा लावला, आणि आमचे दोघांचे काटे चारशे फुटांनी खाली आले. उतरल्यावर त्यांनी माझे आभार मानले आणि घडलेलं रीतसर लिहूनही दिलं.

मी फुशारकीनं सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“किती वेळ थांबलीस?”

“कधी?”

“तुला दिसलं, तवापासनं तू बोललीस तोपर्यंत.”

“सात-आठ सेकंद असतील.”

“आठ सेकंदांत किती उतरलात?”

मी हिशेब केला. “अडीचशे फूट.”

“का थांबलीस?”

“ते मोठे आहेत, सर.”

मग ते म्हणाले, “सुट्टी असंल तवा ये.”

मी गेले तेव्हा दुपार होती. शिकवणीला कुणी नव्हतं. काकू चहा ठेवून आमच्यातच बसल्या, त्या एरवी बसत नसत. सर म्हणाले, “तुला रागवायला बोलावलं होतं. पण मला तोंड न्हाई.” आणि मग त्यांनी सांगितलं.

तरुणपणी ते दूर डोंगरातल्या एका लहान विमानतळावर होते. दिवसातून दोन-तीन विमानं यायची. त्या दिवशी पाऊस होता आणि दाब फारच उतरला होता. आठ माणसांचं एक छोटं विमान येत होतं, त्यात एकच वैमानिक. नेहमीचा, ओळखीचा माणूस. सरांनी त्याला दाबाचा आकडा दिला, त्यानं तो बरोबर परत म्हणून दाखवला. म्हणजे आता त्याचा हात नॉबकडे जाणार होता. सरांना हे माहीत होतं. आणि तरी त्याच क्षणी त्यांनी त्याला विचारलं, माझ्या बदलीचं पत्र टपालात आलंय का, काही कळलं का? शिरूरजवळ कुठंतरी बदली मिळावी म्हणून ते दोन वर्षं वाट बघत होते. काकू माहेरी होत्या, पहिलं बाळंतपण होतं. विमानात टपालाची पिशवी असायची.

वैमानिक म्हणाला, “बॅग मागं आहे, उतरल्यावर बघू.” आणि दोघं त्यावर थोडं हसले.

त्यात त्याचा आकडा लावायचा राहिला. काटा साडेचारशे फूट जास्त दाखवत होता. सर टॉवरच्या काचेतून बघत होते. ढगातून विमान बाहेर आलं ते टेकडीवरच्या झाडांच्या शेंड्यांजवळ. चाकाला फांद्या लागल्या. त्यानं जीव खाऊन विमान वर खेचलं, फेरी मारली आणि दुसऱ्या खेपेला उतरवलं. पाच प्रवासी चालत बाहेर आले. एक बाई धावपट्टीच्या कडेला बसून उलट्या करत होती. चाकात हिरवी पानं अडकली होती, ती सरांनी स्वतः बघितली.

चौकशी झाली. तिथलं बोलणं टेप करायचं मशीन त्या आठवड्यात बंद होतं. सरांना विचारलं, आकडा दिला होता का? दिला होता. त्यानं परत म्हटला होता का? म्हटला होता. आणखी काही बोलणं झालं का? 

“मी म्हणालो, न्हाई,” सर म्हणाले. “एकच शब्द. पोरगी दहा दिवसांची होती.”

वैमानिकाचं उडणं थांबवलं. किती काळ ते सरांना नीट कळलंच नाही, कारण महिन्याभरात त्यांची बदली झाली. ते पत्र खरंच त्या पिशवीत होतं.

“तू आठ सेकंद गप्प बसलीस,” ते मला म्हणाले. “मी अडतीस वर्षं बसलोय.”

काकू पदरानं टेबल पुसत होत्या, पुसलेलंच पुन्हा. त्या म्हणाल्या, “मी कवाची म्हणतीय, जाऊन सांगा त्यांना. असतील तिथं जाऊन सांगा.”

वैमानिक कुठं असेल, हे शोधायला मला दोनच फोन लागले. या धंद्यात जुनी माणसं एकमेकांना ओळखून असतात. तो निवृत्त होऊन सिकंदराबादला राहत होता. सरांना पत्ता दिला त्यानंतर तीन महिने काही झालं नाही. काकू सांगायच्या, पत्र लिहितात आणि फाडतात. रक्तदाब वाढला, डॉक्टर बदलले. बाजारात जाणं त्यांनी बंद केलं. मला अपराधी वाटायला लागलं, की झाकलेलं होतं ते आपण उगीच उघडलं. मी विमानाचं तिकीट काढून देते म्हटलं, तर म्हणाले, विमानानं नको, उतरताना माझ्यानं बसवणार न्हाई. शेवटी एक दिवस पप्पांनाच त्यांचा फोन आला, दौंडहून सिकंदराबादला कुठली गाडी बरी?

ते एकटे गेले. काकूंनाही नेलं नाही. दौंडला पप्पांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. ते तीन दिवस आम्ही दोन्ही घरं फोनपाशी बसून काढली. त्यांचा फोन बंद होता. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. त्या माणसानं दारातून हाकललं तर, पोलिसात जातो म्हणाला तर, सरांना तिथंच काही झालं तर.

चौथ्या दिवशी सकाळी ते उतरले. पप्पा आणि मी फलाटावर होतो. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, काखेत पत्र्याचा एक गोल डबा. आम्ही बाकावर बसलो. पप्पांनी चहा आणला. सरांनी तो घेतला, आणि मग आपणहून बोलायला लागले, खाली फरशीकडे बघत.

वैमानिक घरीच भेटला होता. गुडघे गेलेत, काठी लागते. त्यानं सरांना आवाजावरून ओळखलं. सरांनी बसायच्या आधी, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, मला माहीत आहे. मला तो प्रश्न आठवतो, चौकशीच्या वेळीही आठवत होता.

“मग तुम्ही सांगितलं का न्हाई, म्हणालो मी,” सर म्हणाले. “तर म्हणतो कसा, मला विचारलं होतं त्यांनी, आणखी काही बोलणं झालं का म्हणून. मीबी न्हाईच म्हणालो. तुझ्या घरी नवं बाळ होतं. आन् हात तर माझाच थांबला होता.”

दीड वर्ष त्याला उडू दिलं नव्हतं. त्यानंतर तो पुन्हा उडायला लागला आणि वय होईपर्यंत उडत राहिला.

पप्पा म्हणाले, “मग झालं की सर. मोकळे झालात.”

सरांनी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, ते मला आजही सांगता येणार नाही. “त्यानं माझं झाकलं,” ते म्हणाले, “आन् मी त्याला ओळख बी दाखवली न्हाई इतकी वर्षं. आता हे कुठं ठेवू?” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “जेवायला बसवलं त्यांनी. त्यांच्या बायकोनं तीनदा भात वाढला.”

त्या वर्षीच्या थंडीत सर गेले, दुपारी, शिकवणी सुटल्यावर. मी तेव्हा कामावर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात होते, मला पोचता आलं नाही. म्हणून मला त्यांचं शेवटचं दिसणं आहे ते दौंडच्या एसटी स्टँडवरचं, ते सिकंदराबादहून परतले त्याच सकाळचं.

आम्ही त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. खिडकीची जागा मिळाली. पप्पा कंडक्टरशी बोलत होते. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा सरांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं. वैमानिकाच्या बायकोनं वाटेत खायला बिस्किटं दिली होती. तो डबा उघडायचं इतक्या लांबच्या प्रवासात त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी एक उचलून तोंडात टाकलं, आणि मग एक खिडकीतून माझ्याकडे धरलं. गाडी हलली होती. मी दोन पावलं चालले, मग पळायला लागले. ते हात आणखी लांब करत आणि त्याच वेळी सांगत होते, “पळू नको, पडशील.” तोंडात बिस्कीट असल्यामुळे ते नीट ऐकू येत नव्हतं. स्टँडच्या फाटकाशी गाडी वळायला जरा थांबली, तेवढ्यात मी ते घेतलं. अर्धं माझ्या हातात आलं, अर्धं त्यांच्या बोटांत राहिलं.